गुरुवारी तीन, शुक्रवारी सकाळी एक

काही दिवसांमागं रात्री साडेदहाला पुतणीचा फोन. एवढ्या रात्री घरचा फोन आला की आधी छातीत धस्स होतं, कोण गेलं म्हणून उचलला तर पोरगी रडायली. "काका, टाइमटेबल आलंय. गुरुवारी माझे तीन पेपर आहेत." मी म्हणलं अगं नीट बघ, दुसऱ्याच कुठल्या कोर्सचं बघितलं असशील. ती म्हणे चार वेळा बघितलं, रूमवरच्या मैत्रिणीनं पण बघितलं, थांबा तुम्हाला पीडीएफ टाकते. पीडीएफ आली, एकवीस पानांची, तिरकी स्कॅन केलेली, सहीवर शिक्का आन् शिक्क्याखाली नेमकी तारीख दबलेली, आन् मी अंथरुणात पडल्या पडल्या बोटांनी मोठं करून करून एकदाचं शोधलं. खरंच तीन होते. सकाळी ९ ते ११ पाचव्या सेमिस्टरचा रेग्युलर, १२ ते २ चौथ्याचा बॅकलॉग म्हणजे मागं राहिलेला विषय, ३ ते ५ तिसऱ्याचा बॅकलॉग. आन् शुक्रवारी सकाळी ९ ला परत पाचव्याचा. म्हणजे २६ तासांत चार पेपर, आठ तास नुसतं लिहिणं. बरं त्याच्या आधी? त्याच्या आधी सलग पाच दिवस एकही पेपर नाही.

मी स्वतः तालुक्याच्या कॉलेजात गणित शिकवतो, तासिका तत्त्वावर, म्हणजे तास घेतला तर पैसे, परीक्षा सुरू झाल्या की तास बंद आन् पैसेही बंद. विद्यापीठ कोणतं ते सांगत नाही. मराठवाड्यात मोठी दोनच, १९५८ चं एक आन् १९९४ चं एक, त्यातलं एक समजा. दुसऱ्यातले माझे दोस्त म्हणतेत की आमच्याकडं पण हेच आहे म्हणून नाव घेऊन काय फरक पडत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विषय काढला तर एक ज्येष्ठ सर चहाची बशी खाली न ठेवताच बोलले, "केटी ठेवलीच कशाला तिनं? वेळेवर पास झाली असती तर एकच पेपर होता की." केटी, एटीकेटी म्हणजे हाच बॅकलॉग. आता यावर काय बोलावं. तिसऱ्या सेमिस्टरला पोरीला डेंग्यू झालता, सलाईन लावून पडली होती, दोन पेपर गेले, त्यातला एक नंतर निघाला एक राहिला. चौथ्याचा तीन मार्कांनी गेला. पण समजा डेंग्यू नसता झाला, समजा तिनं अभ्यासच केला नसता, तरी केटीची शिक्षा काय ठरलेली आहे? पेपर परत द्या, फी परत भरा. बास. "आन् तो पेपर थकलेल्या हातानं द्या" असं कुठल्या ऑर्डिनन्समध्ये लिहिलंय? बॅकलॉगवाल्यानं पास व्हावं म्हणूनच विद्यापीठ परीक्षा घेतंय ना, मग त्याला पास व्हायची वाजवी संधी असलेल्या दिवशी घ्या की.

खरी गोम इथंच आहे. वेळापत्रक करणारा माणूस रेग्युलर पोरगं डोळ्यापुढं ठेवून करतो. पाचव्या सेमिस्टरचे पेपर एकमेकांवर येत नाहीत ना, चौथ्याचे चौथ्यावर येत नाहीत ना, तिसऱ्याचे तिसऱ्यावर येत नाहीत ना, झालं, टाका सही. उभं उभं बघतो, आडवं कुणी बघतच नाही. आन् केटीवालं लेकरू नेमकं आडवं पडलेलं असतंय, तीन सेमिस्टरवर.

कायदा काय म्हणतो ते पण त्या रात्री बघितलं, झोप तर गेलीच होती. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा. त्यात असं आहे की शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच विद्यापीठानं परीक्षांचं वेळापत्रक तयार करून जाहीर करायचं आन् ते काटेकोर पाळायचं. वेळापत्रक म्हणजे "हिवाळी परीक्षा नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून" असलं मोघम नाही, प्रत्येक पेपरचा वार, तारीख, वेळ, प्रॅक्टिकलसकट. नाही पाळता आलं तर का नाही पाळता आलं याचा अहवाल कुलपतींना म्हणजे राज्यपालांना आन् सरकारला द्यायचा. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत. वाचून हसूच आलं. आमच्याकडं पेपर आठ दिवसांवर आला तरी हॉल तिकीट निघालेलं नसतंय. पण एक गोष्ट लक्षात आली, कायद्यानं सगळा जोर तारखेवर दिलाय. तारीख पाळा, निकाल लवकर लावा. एका पोराला एका दिवशी जास्तीत जास्त किती पेपर, याचा आकडा त्यात घातलेला नाही. तीन पेपर आले तरी वेळापत्रक कायदेशीरच.

माझा एक वर्गमित्र अमेरिकेत एमएस करून तिकडंच राहिलाय. त्याला पीडीएफ फॉरवर्ड केली तर त्यानं आधी डोक्याला हात लावलेली स्माईली टाकली आन् मग व्हॉइस नोट. तिकडं बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत नियम असतो म्हणे, एका दिवसात तीन फायनल म्हणजे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षा आल्या तर त्यातली एक हलवून घ्यायचा विद्यार्थ्याला हक्क, अमुक तारखेच्या आत अर्ज द्यायचा, सर लोकांना नाही म्हणता येत नाही. शिकवणं संपलं की परीक्षेच्या आधी एकदोन दिवस नुसते वाचायला मोकळे ठेवतेत, बर्कले विद्यापीठात तर अख्खा आठवडा. पण मला जी गोष्ट लय आवडली ती वेगळीच. तिकडं फायनलची वेळ त्या विषयाच्या तासाच्या वेळेवरून ठरते. समजा सोमवार-बुधवार-शुक्रवार सकाळी १० ला ज्याचे तास, त्या सगळ्या विषयांची फायनल अमुक दिवशी अमुक वाजता. आता एक पोरगं एकाच वेळी दोन वर्गांत बसूच शकत नाही, म्हणजे त्याचे दोन पेपर एकाच वेळी येऊच शकत नाहीत. कुणी तपासायची गरजच नाही! गणितवाल्याला असली युक्ती दिसली की जीव गार होतो.

पण इथं ती चालणार नाही, ते पण लगेच कळलं. तिकडं प्रत्येक प्रोफेसर आपापला पेपर काढतो, आपल्याच कॅम्पसवर घेतो. आपल्याकडं शेकडो संलग्न कॉलेजं, प्रत्येकाचं तासांचं टाइमटेबल वेगळं, आन् पेपर मात्र सगळीकडं एकच, एकाच मिनिटाला उघडणार. म्हणून एका पोरीसाठी पेपर हलवा म्हणलं की परीक्षा विभाग का खेकसतो तेही समजतं. हलवायचा म्हणजे तिच्यासाठी वेगळा प्रश्नसंच काढा, कारण पहिला पेपर दुपारपर्यंत व्हॉट्सअपवर सगळ्या जिल्ह्यांत फिरलेला असतोय. त्या टेबलावर बसलेल्या माणसाला मी शिव्या देणार नाही, त्याच्याकडं चार तालुक्यांच्या कॉलेजांचे फोन एकाच वेळी वाजायलेले असतेत. म्हणून जे करायचं ते टाइमटेबल निघायच्या आधी करावं लागतं, निघाल्यावर नाही.

आन् आधी करता येतं. हे मी तावातावानं बोलत नाही, हे गणित आहे आन् जुनं आहे. १९६७ साली वेल्श आन् पॉवेल नावाच्या दोघांनी टाइमटेबलच्या प्रश्नावरच पेपर लिहिला होता, आलेख रंगवण्याचा, आमच्या एमएस्सीच्या ग्राफ थिअरीत तो होता. आपल्या भाषेत सांगायचं तर लग्नाच्या पंगती. समजा भावकीत कुणाचं कुणाशी पटत नाही, अमक्याला तमक्यासोबत एका पंगतीत बसवलं की ताट सरकवून उठणार. पंगती कमीत कमी करायच्यात कारण आचारी कावलाय. मग शहाणा माणूस काय करतो, ज्याचं सगळ्यात जास्त लोकांशी वाकडं आहे त्याला आधी बसवतो. मग त्याच पंगतीत ज्यांचं त्याच्याशी आन् एकमेकांशी बरं आहे ते भरतो. मग उरलेल्यातला सगळ्यात भांडखोर, त्याची दुसरी पंगत. विषय म्हणजे सोयरे, सेशन म्हणजे पंगत. दोन विषयांत एक जरी विद्यार्थी सामाईक असला की त्या दोघांचं वाकडं. सगळ्यात भांडखोर म्हणजे इंग्रजीसारखे कंपल्सरी विषय, सगळ्यांशी संबंध, ते आधी बसवा. एवढंच आहे. वर एक अट घालायची, की सामाईक पोरं असलेले विषय एका पंगतीत तर नकोच पण लागोपाठच्या तिसऱ्या पंगतीपर्यंत पण नकोत. जमेल तेवढं जमवायचं, सगळं जमत नाही, पण कॉम्प्युटरला सांगितलं तर माणसापेक्षा बरं जमतं.

आन् यासाठी लागणारी माहिती विद्यापीठाकडं असतीच! परीक्षा फॉर्म कशाला भरून घेतेत? प्रत्येक पोराचा पीआरएन म्हणजे विद्यापीठातला कायमचा नोंदणी नंबर आन् त्याच्यापुढं त्याच्या सगळ्या पेपरचे कोड, रेग्युलर, बॅकलॉग सगळे. कुणाचं कुणाशी वाकडं याची अख्खी यादी तिथं आहे. फक्त होतं काय, टाइमटेबल आधी निघतं, फॉर्म नंतर, मग विलंब शुल्कासह फॉर्म, मग अतिविलंब शुल्कासह फॉर्म. शेवटचा फॉर्म येईपर्यंत पहिला पेपर होऊन गेलेला असतो कधी कधी. क्रम उलटा करा, दुसरं काही मागत नाही मी.

पूर्वी हे एवढं अवघड नव्हतं हेही खरं. आमच्या वेळी बीएस्सीला ग्रुप असायचे, पीसीएम (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) नाही तर सीबीझेड (केमिस्ट्री-बॉटनी-झूऑलॉजी) नाही तर कॉम्प्युटरवाला, मोजून चारपाच. क्लार्क मामा वहीवर पेन्सिलनं टाइमटेबल तपासायचे आन् चूक निघायची नाही. आता नवीन शैक्षणिक धोरण आलं, मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचा वेगळा, भारतीय ज्ञानपरंपरेचा वेगळा, आन् ओपन इलेक्टिव्ह तर दुसऱ्याच फॅकल्टीचा घ्यायचा. म्हणजे केमिस्ट्रीचं पोरगं कॉमर्सच्या पेपरला बसतंय. चांगलंच आहे, मी विरोधात नाही, पण सायन्सवाल्यांचं आन् कॉमर्सवाल्यांचं टाइमटेबल जर दोन वेगवेगळ्या टेबलांवर बनणार असेल तर धडक होणारच. भावकी वाढली, पंगती मात्र जुन्याच अंदाजानं.

आता गॅपचं बोलतो, कारण माझं आन् माझ्या पुतणीचंच यावर पटत नाही. मला वाटायचं दोन पेपरमध्ये निदान एक दिवस मोकळा द्यावा, बारावी बोर्ड देतंय की महत्त्वाच्या पेपरला, आन् टाइमटेबल पण महिनोन्‌महिने आधी जाहीर करतंय. पुतणी म्हणे, "काका, तुमाला काय कळतंय, गॅप मोठा झाला की घरी बोलावतेत." मी पहिल्यांदा समजलो नाही. मग तिनं सांगितलं, ते जे पाच दिवस मोकळे होते ना, त्याच्यात वहिनीनं तिला कापूस वेचायला गावाकडं बोलावलंय. दिवाळीच्या मागंपुढं बाई मिळत नाही रानात, घरात धडधाकट पोरगी असताना रोजाची बाई कोण लावतंय. तिच्या भावाला नाही बोलावलं. तो "अभ्यास करायलाय". तिच्या रूमवरच्या मैत्रिणीचं वेगळंच, तिनं परीक्षेपुरतं शहरात भाड्यानं राहायचं ठरवलंय, खोलीचं भाडं आन् डब्याचे पैसे दिवसावर, परीक्षा जितकी लांबली तितका बाप कर्जात. तिला वाटतं पटापट उरकून टाका. म्हणजे कागदावर गॅप दिला की न्याय झाला असं काही नाही. दीड महिना ताणलेली परीक्षा पण अन्यायच आहे, फक्त तो वेगळ्या पोरीवर होतो. मला आता वाटतं की वरची मर्यादा पाहिजे, दिवसाला दोनच्या वर नाही, सलग दोन दिवसांत तीनच्या वर नाही, आन् एका पोराची अख्खी परीक्षा तीन आठवड्यांत आटपली पाहिजे. मधले दिवस कसे वाटायचे ते मशीनला ठरवू द्या.

एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मागं एका सेंटरवर माझी सुपरव्हिजन होती, वेगळ्या खोलीत, एकच परीक्षार्थी, दृष्टिहीन मुलगा, सोबत लेखनिक म्हणून अकरावीतली एक मुलगी. नियमानं दिव्यांगांना तासाला किमान २० मिनिटं जादा मिळतेत, केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आहेत तशा. दोन तासांचा पेपर म्हणजे ४० मिनिटं जास्त. आता गणित करा, ९ चा पेपर ११ ऐवजी ११:४० ला सुटला. त्याचा १२ ला दुसरा होता. वीस मिनिटांत त्यानं मुतारीला जायचं, डबा खायचा, खोली बदलायची, आन् दुसरा पेपर २:४० ला सुटला तर ३ ला तिसरं सेशन. त्या दिवशी त्याला तिसरा नव्हता नशिबानं. डबा त्यानं उघडलाच नाही, म्हणे हाताला भाजी लागली तर परत धुवायला जावं लागतं. त्याला मिळालेली सवलत त्याच्याच जेवणाच्या सुट्टीतून कापून दिली होती. आन् कुणाचा वाईट हेतू नव्हता हो, सेंटरवरचे सगळे चांगलेच वागले, पाणी आणून दिलं, खुर्ची बदलून दिली. पण सेशनच्या वेळा ठरवणाऱ्याच्या डोक्यात हा मुलगा एकदाही आला नव्हता. दोन सेशनच्या मध्ये दीड तास ठेवा, झालं काम. शुक्रवारी १२ ते २ पेपर ठेवला की जुम्म्याच्या नमाजला जाणाऱ्या पोरांचं काय होतं हाही तसलाच प्रश्न, आपल्या भागात तर तो दर वर्गात पाचदहा पोरांचा आहे.

आन् बाहेरच्या परीक्षांशी धडक हा तर वेगळाच तमाशा. २०२४ च्या ऑगस्टात २५ तारखेला एमपीएससीची राज्यसेवा पूर्व आन् आयबीपीएसची बँक क्लार्कची परीक्षा एकाच दिवशी आली होती, पोरं पुण्यात रस्त्यावर बसली तेव्हा आयोगानं तारीख पुढं ढकलली. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्याकडं पाऊस असा झोडपला की गावंच्या गावं पाण्यात, तेव्हा २८ तारखेची राज्यसेवा पूर्व ९ नोव्हेंबरला नेली. ते बरोबरच केलं, माझी तक्रार नाही. पुरात पोरगं सेंटरला कसं येणार. पण पुढं ढकलणं आन् सारखं सारखं बदलणं यात फरक आहे ना राव. आमच्या वेळी एका दोस्ताचा पेपर असाच "सुधारित" झाला होता, सुधारित पत्रक कॉलेजच्या नोटीस बोर्डवर, हा गावाकडं, तेव्हा सगळ्यांकडं स्मार्टफोन नव्हते. दुपारचा पेपर सकाळी झाला होता. हा बारा वाजता पाटी घेऊन हजर, गेटवर पोरं बाहेर येऊन उत्तरं जुळवायली. त्याचं वर्ष गेलं नाही, पण तो पेपर एटीकेटीत गेला आन् त्याच एटीकेटीनं पुढं त्याला पण एका दिवसात दोन आणले. सुधारित तिसऱ्यांदा सुधारून आलेलं पत्रक मी जपून ठेवलंय, कपाटात आहे.

तर पुतणीचं काय झालं. मी तिला अर्ज लिहून दिला, प्राचार्यांमार्फत परीक्षा विभागाला, तिच्यासारखी अजून अकरा पोरं आमच्याच कॉलेजात निघाली, त्यांच्या सह्या घेतल्या, सोबत एक साधा तक्ता जोडला, उभे विषय, आडवी पोरं, जिथं तीन आले तिथं लाल पेन. क्लार्क मामांनी तो तक्ता बराच वेळ बघितला आन् म्हणले, "सर, हे असं दिसत नव्हतं हो आम्हाला पीडीएफात." आवक क्रमांक टाकून घेतला.

आठ दिवस काही नाही. काल रात्री ११:४० ला ग्रुपवर पीडीएफ पडली, सुधारित. गुरुवारचा ३ चा पेपर काढलाय. खरंच काढलाय, पुतणीनं नाचणारा स्टिकर पाठवला. टाकलाय कुठं तर रविवारी, सकाळी ९ ला. रविवारी पेपर मी पहिल्यांदाच बघायलोय. पोरगी तेव्हा गावाकडंच असणार, कापूस आहे, आन् आमच्या गावातून सेंटरला वेळेत पोचवणारी एकच एसटी आहे, सातची, ती शाळेची फेरी आहे. रविवारी ती येत नाही. मी मोटरसायकल सर्व्हिसिंगला टाकून आलोय, ३८ किलोमीटर आहे, सहाला निघू.